ईडाबाईंचा पाठ

“‘काल’ आला की ‘हॅव’ लावायचं नाही, हे तुला कोणी शिकवलं गं?”

“ईडाबाईंनी, सर,” यशोदा म्हणाली.

भिकाजी मास्तरांच्या हातातला खडू हातातच राहिला. साल एकसष्ट. अठरा वर्षं मास्तर मालवणात इंग्रजी शिकवत होते. साधा भूतकाळ कुठला, पूर्ण वर्तमानकाळ कुठला, याचे नियम त्यांनी पोरांकडून घोकून घेतले, छड्या ओढल्या, तरी परीक्षेत दरवर्षी तोच घोळ. आणि ते हिवतापाने पंधरा दिवस अंथरुणावर काय पडले, परवा शाळेत नोकरीला लागलेल्या या पोरसवदा ईडाबाईने त्यांचा वर्ग सांभाळता सांभाळता घोळ मिटवूनही टाकला!

“काय असं मोठं शिकवलं बाईंनी?”

“होडी काल आली, असं कधी ते सांगायचं तर साधा भूतकाळ. पण कधी का आली असेना, होडी आली आहे, चला बांगडे घ्यायला, असं सांगायचं तर दुसरा.”

वर्ग खुदकन हसला. मास्तरांचा जळफळाट झाला. इतकं सोपं? मग मेलं आपल्याला का नाही सुचलं?

घरी बायकोने, सावित्रीने, त्यात तेलच ओतलं. “ह्यां पोर गुणाचां आसा हो. तुमका ताप इलो तेव्हा शहाळी धाडल्यान, पोरांचां नुकसानय होवंक दिल्यान नाय.”

“मगे तिकाच वाढ!” म्हणत मास्तर ताटावरून उठले.

आठवड्याने इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले आणि नेमके हेच दोन काळ विचारून बसले. भराभर हात वर झाले. होडी, बांगडे, सगळं बिनचूक.

“वा, मास्तर! जिल्हाभर फिरतो, असं उत्तर कुठे ऐकलं नाही. ही युक्ती तुमची?”

ईडाबाई हजेरीपट घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांचं नुसतं नाव घेतलं असतं तरी पुरे होतं. पण आता जिल्हाभर हिचाच उदो उदो होणार, हे मास्तरांना सोसवेना.

“होय, साहेब,” ते म्हणाले.

साहेबांनी शेरेबुकात मास्तरांचं नाव लिहिलं. ईडाबाई आपल्या वर्गावर गेल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर होडीचंच एक वाक्य लिहिलं आणि विचारलं, “सांगा, कुठला काळ?”

एकही हात वर झाला नाही.

“यशोदा, तू सांग.”

यशोदा उभी राहिली. “येत नाही, सर,” ती म्हणाली, आणि मास्तरांच्या डोळ्यांत सरळ बघत उभीच राहिली.