अकराव्यांदा

जपारने घोड्याचा लगाम खुंटीवरून तिसऱ्यांदा सोडला आणि तिसऱ्यांदा बांधला. धुक्यात निघावं तर दिशा नाही. थांबावं, तर लांडगे थोडेच थांबतात? म्होरकी घोडी मागच्या चाळीस जनावरांसकट कालपासून त्या पांढऱ्यात विरघळली होती. तिच्या गळ्यात सिमकार्डाचा पट्टा होता. आयझादाच्या फोनच्या पडद्यावरचा त्याचा ठिपकाही विझला होता.

"टॉवरनंच हाकललंय पट्ट्याला, आबा," आयझादा म्हणाली. पट्टे तिनेच बनवले होते. "खाली मेळा आहे. फोनांची गर्दी झाली की तो आधी जनावरांच्या पट्ट्यांना बाहेर काढतो."

"म्हणजे गेल्या वर्षीसारखंच. एक 'नाही' ऐकलं की रुसून बसायचं."

"गेल्या वर्षीचा पट्टा 'नाही' म्हणजे कायमचं नाही समजायचा. हा थांबतो, परत विचारतो. परत नाही आलं, तर आणखी जास्त थांबतो."

"सारखं विचारायला काय झालं?"

"सारखं विचारलं तर टॉवर दारच लावून घेतो. आणि बॅटरी संपते ती वेगळीच."

"आणि कंटाळला तर?"

"ते त्याला शिकवलेलं नाही."

दोघं तंबूत आली, तशी चहा ओतता ओतता बुरुलकान हसली. "आमचा टॉवर बघ की, पोरी. चौदा महिने झाले 'नाही' म्हणून. पोरगं बिचारं विचारून विचारून गप्प झालं."

जपारने बायकोचं हे ऐकलंच नाही. चहा मात्र गरजेपेक्षा मोठ्याने फुंकला. त्याच्यामागे, तंबूच्या लाकडी जाळीतल्या खुंटीला, एक घास तोडलेला नान टांगलेला होता. शर्यतीचा घोडा परस्पर विकून मुलगा मॉस्कोला निघाला, तेव्हा बापाने त्याला दारातूनच घालवलं होतं. आईने धावत जाऊन घास तोडायला लावला. उरलेला परत आल्यावर खायचा, ही रीत. जपार रोज त्याच खुंटीवर टोपी अडकवायचा. नान झाकला जायचा.

धुकं चहाच्या वाफेत मिसळत राहिलं. मग पडद्यावर, खिंडीच्या अलीकडे, ठिपका उमटला.

"कितव्यांदा विचारलं त्यानं?" जपारने विचारलं.

"अकराव्यांदा."

तो उठला. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. मग खिशातला फोन काढून आयझादापुढे धरला. नजर बाहेर, डोंगराकडे.

"ब्लॉक केलेला नंबर कुठून उघडतात?"

बुरुलकानने किटली खाली ठेवली आणि टांगलेल्या नानावरची धूळ हलकेच फुंकली.