खास मुलग्यांसाठी

पुस्तकाला मन नसतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला खुशाल मिटून ठेवावं. त्याची मला सवय आहे. मी 'पूल कसा उभा राहतो' हे पुस्तक बोलतोय. मुक्काम हावड्याचं शिबपूर, सामंतांचं घर, जिन्याखालचं कपाट. माझ्या एका बाजूला जुना पंखा आहे आणि दुसऱ्या बाजूला फुटक्या शंखांची पिशवी. दोघंही माझ्याशी बोलत नाहीत, म्हणून तुमच्याशी बोलतोय.

मला लिहिलं अनिमा सरखेल नावाच्या बाईंनी. कोन्नगरच्या मुलींच्या शाळेत त्या पदार्थविज्ञान शिकवायच्या. दरवर्षी सातवीच्या मुलींना घेऊन त्या हावड्याच्या घाटावर उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "एवढं लोखंड खाली का पडत नाही गं? सांगा." मुली काहीबाही उत्तरं द्यायच्या. त्या काहीबाही उत्तरांतून मी जन्मलो. माझ्या प्रत्येक प्रकरणात एक मुलगी प्रश्न विचारते आणि सगळ्या मिळून उत्तर शोधतात. हावड्याच्या पुलाला नट-बोल्ट नाहीत, नुसते ठोकून बसवलेले रिव्हेट आहेत, हे कळल्यावर एक मुलगी दोन पानं भांडते. ते माझं सगळ्यात सुंदर प्रकरण.

बाईंनी मला कॉलेज स्ट्रीटच्या एका प्रकाशकाकडे दिलं. भुवनबाबू त्यांचं नाव. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. छापून झाल्यावर बाई दुकानात आल्या, तेव्हा गठ्ठ्यात सगळ्यात वर मीच होतो. निळं मुखपृष्ठ, त्यावर टोपी घातलेला एक मुलगा हातात पाना धरून उभा, आणि डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'खास मुलग्यांसाठी'. खाली बारीक अक्षरांत 'अ. सरखेल'.

"हे काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"दिदिमनी, मुली पूल विकत घेत नाहीत."

"पूल कोण विकत घेतंय, भुवनबाबू? मी पुस्तक लिहिलंय."

"तेच म्हणतोय मी. यंत्रं, लोखंड हे सगळं मुलग्यांच्या फळीवर जातं. आणि लेखिका बाई आहे म्हटलं की मुलगे हात लावत नाहीत. तुमचंच भलं बघितलंय."

बाईंनी मला टेबलावर पालथं ठेवलं आणि पदरानं चष्मा पुसत निघून गेल्या. आत पानोपानी मुलीच मुली आणि वर हा टोपीवाला. त्या टोपीवाल्याचा मला आजही राग येतो, खरं तर बिचारा नुसतं चित्र आहे.

दुकानात दोन फळ्या होत्या, एक निळी आणि एक गुलाबी. निळ्या फळीवर मी, अंतराळ, डायनासोर, युद्धं आणि किडे. गुलाबी फळीवर पऱ्या, केक, केसांच्या वेण्या आणि 'सुंदर माझी खोली'. अर्धं जग इकडे, अर्धं तिकडे. आणि किडे मुलग्यांचे हे किड्यांना कुणी विचारलं होतं कोण जाणे. गिऱ्हाईक आलं की विक्रेता एकच विचारायचा, "मुलगा की मुलगी?" पोराला काय आवडतं हा प्रश्न मी त्या दुकानात कधीच ऐकला नाही.

भाऊबीज जवळ आली. बंगालात तिला भाईफोंटा म्हणतात. बिनू पिशी दरवर्षी शिबपूरला भावाकडे येऊन त्याच्या कपाळाला चंदनाचा टिळा लावायच्या. पिशी म्हणजे आत्या. भावाच्या दोन मुलांसाठी त्या खरेदीला आल्या. त्यांनी सांगितलं, एक भाचा आणि एक भाची. विक्रेत्यानं डोळे मिटून निळ्या फळीवरचा मी आणि गुलाबी फळीवरची 'सुंदर माझी खोली' अशी जोडी बांधून दिली. पिशींच्या पिशवीत आधीच कपडे होते. भाच्याला सहा खिशांची विजार, भाचीला झालरीचा फ्रॉक.

घरी गेल्यावर त्या फ्रॉकचं नाटक झालं. भाचीचं नाव टुसकी, वय नऊ. सगळ्यात आधी तिनं फ्रॉकला खिसा आहे का ते पाहिलं. होता. झाकण होतं, वर फितीची छोटीशी गाठही होती. तिनं बोट घालायचा प्रयत्न केला, बोट जाईना. चुकून शिवला गेला असेल म्हणून तिनं सुईच्या टोकानं शिवण उसवली. आत काही नव्हतंच. कापडावर कापड शिवून खिशाचं सोंग केलेलं.

"पिशी, हा खोटा आहे."

"अगं, शोभेचा आहे तो. मुलीला खिसा कशाला लागतो?"

"वस्तू ठेवायला."

"कसल्या वस्तू?"

टुसकीनं मूठ उघडली. आत वडिलांच्या कारखान्यातून उचललेला एक रिव्हेट होता, लोखंडी, गंजका. पिशींनी नाक मुरडलं. तिकडे दादा पिकलू, वय अकरा, सहा खिशांची विजार घालून उभा होता आणि सहाही खिशांत हवा होती. त्यानं तो रिव्हेट बहिणीच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला. "माझ्याकडे ठेव. पाहिजे तेव्हा माग." असा तो मुलगा. त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही.

पिकलूनं मला तीन पानं वाचलं आणि उशाशी ठेवून झोपी गेला. चौथ्या दिवशी टुसकी माझ्याजवळ आली. मुखपृष्ठ तिनं वाचलं, दाराकडे पाहिलं आणि मला उघडलं. बाई, तुम्ही तेव्हा असायला हव्या होतात. पहिल्याच प्रकरणात आपल्यासारखी मुलगी भेटल्यावर ती चमकली, पान उलटून पुन्हा मुखपृष्ठाकडे गेली, मग परत आत आली. तिला वाटलं असेल, चुकीच्या पुस्तकात आले. हिवाळाभर ती मला वाचत होती. रिव्हेटच्या प्रकरणावर डाळीचे डाग आहेत, ते तिचे. तिकडे पिकलूनं 'सुंदर माझी खोली' पळवली होती आणि दार लावून तो कागदाची कमळं कापायचा. त्याची बोटं फार हलकी होती. दोघांचं बरं चाललं होतं.

वडिलांचं नाव तारक सामंत. बेलिलियस रोडच्या मागे त्यांचा लेथचा, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रांचा कारखाना, सात-आठ कारागीर. उन्हाळ्यात जेवताना ते म्हणाले, "या वर्षी विश्वकर्मा पूजेला तुमच्यापैकी जो कुणी हातानं काही करून देवापुढे ठेवेल, त्याला दुसऱ्या दिवशी मी लेथवर बसवेन. पहिला तुकडा त्यानं कातायचा."

"मी पण?" टुसकीनं विचारलं.

"तू पण. का नाही?"

ते हसत म्हणाले. टुसकीनं ते हसणं ऐकलंच नाही, नुसते शब्द ऐकले. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. कारखान्यात आजवर तिला दारापर्यंतच जाता आलं होतं. लेथवर लोखंडाची साल कशी सुटते ते तिला जवळून बघायचं होतं, स्वतःच्या हातानं सोडवायचं होतं. झाडूच्या काड्या, पत्र्याच्या पट्ट्या आणि तार घेऊन ती बसली. मी समोर उघडा. दोनदा पूल कोसळला. तिसऱ्यांदा तिनं माझं सहावं प्रकरण पुन्हा वाचलं, त्रिकोण वाढवले, आणि तो उभा राहिला. तिनं त्यावर वरवंटा ठेवला. पूल हलला नाही. मला आयुष्यात एवढा आनंद कधी झाला नाही.

पूजेच्या दिवशी कारखान्यात यंत्रं बंद होती. लेथला हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, आकाशात पतंग, आणि मागच्या अंगणात खिचडीची कढई. मूर्तीपुढे टुसकीनं पूल ठेवला आणि पुलाखाली मला ठेवलं, माझ्यावरून शिकली म्हणून. पिकलूनं केलेली कागदी कमळं मूर्तीभोवती लावली होती. हलधर मिस्त्री सगळ्यात जुने कारागीर. त्यांनी वाकून पूल पाहिला, बोटानं दाबून पाहिला, मग खाली माझं मुखपृष्ठ वाचलं.

"वा रे पिकलूबाबू! मालक, हाताला वळण आहे हो पोराच्या. रक्त बोलतं."

"ही कमळं पण किती नाजूक," दुसरा म्हणाला. "टुसकीमाच्या हाताला लक्ष्मी आहे." लेकीला लाडानं 'मा' म्हणायची इथली रीत.

टुसकी मालपोव्याचं ताट घेऊन तिथेच उभी होती. "पूल मी केलाय," ती म्हणाली. कारागीर कौतुकानं हसले.

"तिनंच केलाय," पिकलू म्हणाला.

"बघा, बहिणीवर जीव किती! स्वतःचं काम तिच्या नावावर करतोय."

"खरंच तिनं केलाय हलधरकाका. मी कमळं केली. ती सगळी माझी आहेत."

आता कुणी हसलं नाही. तारकबाबूंचा चेहरा उतरला. त्यांनी मुलाचा दंड धरला आणि ओठ न हलवता म्हणाले, "गप्प बस." मग मोठ्यानं म्हणाले, "लाजतो हो आमचा पोरगा. उद्या बसवतो त्याला लेथवर. चला, खिचडी गार होतेय."

दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जनाला निघेपर्यंत मी मूर्तीपुढेच होतो, म्हणून सगळं पाहिलं. पिकलूला लेथवर बसवलं. त्याचे डोळे भरले होते. पहिला तुकडा वाकडा कातला गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टुसकी दाराशी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती लोखंडाची साल बघत होती.

संध्याकाळी ती मला छातीशी धरून वडिलांकडे गेली.

"बाबा, पूल मी केला होता."

तारकबाबूंनी फडक्याला हात पुसले. "मला माहीत आहे गं मा. मी बघत होतो की रोज तुला."

"मग?"

"मग काय? त्या माणसांना उद्या पिकलूच्या हाताखाली काम करायचंय. त्यांच्यासमोर सांगू, मुलगा फुलं कापतो आणि मुलगी लोखंड वाकवते? ते काय म्हणतील?"

तोवर मी समजत होतो की लोक मुखपृष्ठ वाचून फसतात. त्या संध्याकाळी कळलं की फसत कुणी नाही. आत काय आहे ते माहीत असूनच झाकण बसवलं जातं.

बाप काही कसाई नव्हता. त्यांना वाईट वाटलं, म्हणून पुढच्याच महिन्यात ते स्वतः कॉलेज स्ट्रीटला जाऊन आले आणि टुसकीपुढे एक पुडकं ठेवलं. "हे घे. खास तुझ्यासाठी. तुम्हा मुलींसाठीही काढलंय त्यांनी."

माझंच भावंड होतं. गुलाबी, अंगानं माझ्या निम्मं. नाव 'मुलींसाठी सुंदर पूल'. रिव्हेटचं प्रकरण काढलेलं, त्रिकोणांचं काढलेलं, भार कसा मोजायचा ते काढलेलं. त्या जागी चित्रं होती आणि खाली लिहिलं होतं, पूल आवडत्या रंगात रंगवा. मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव मात्र पूर्ण छापलं होतं, अनिमा सरखेल. आता ते चालत होतं.

टुसकीनं आम्हा दोघांना शेजारी ठेवलं आणि पान पान लावून पाहिलं. काय गेलंय ते तिला समजत होतं. मला वाटलं, ही आता हे फेकून देईल, आरडाओरडा करेल. बाबा समोर उभे होते, आशेनं बघत होते. ती म्हणाली, "छान आहे, बाबा." आणि रंगपेटी घेऊन तिनं हावड्याचा पूल रंगवायला घेतला. नीट रंगवला, रेषेच्या बाहेर न जाता.

त्यानंतर तिनं मला उघडलं नाही. मी जिन्याखालच्या कपाटात गेलो. मी वाट पाहिली. एक पूजा गेली, दुसरी गेली, पुढे मी मोजणं सोडलं. पिकलू शाळेतून सरळ कारखान्यात जायला लागला. त्याचे तुकडे अजून वाकडेच येतात असं ऐकतो. कमळं त्यानं पुन्हा केली नाहीत. टुसकी आता पंधरा वर्षांची आहे, शांत आहे, घरात सगळे तिची तारीफ करतात.

मागच्या आठवड्यात बिनू पिशी नातीला घेऊन आल्या. कुहू, सहा-सात वर्षांची. लपाछपी खेळताना ती जिन्याखाली शिरली, कपाट उघडलं आणि मला ओढून काढलं. पहिलंच पान उघडलं आणि त्या घाटावरच्या मुलीवर बोट ठेवून ती अक्षरं जुळवायला लागली. माझ्या पानांना किती वर्षांनी हात लागला होता. तेवढ्यात टुसकी आली. मला पाहून ती थबकली. मला वाटलं, आता ही खाली बसेल आणि रिव्हेटचं प्रकरण काढून दाखवेल.

तिनं मला कुहूच्या हातातून काढून घेतलं. रागानं नाही. फार मायेनं.

"हे नको सोना, हे पोरांचं आहे. तुला कंटाळा येईल. थांब, तुझं तुला काढून देते."

आणि तिनं स्वतःच्या कपाटातून ते गुलाबी पुस्तक काढून दिलं. भुवनबाबू बोलले तेव्हा मला राग आला होता, तारकबाबू बोलले तेव्हा वाईट वाटलं होतं. टुसकी बोलली तेव्हा काहीच वाटलं नाही. बाईंनी मला जिच्यासाठी लिहिलं होतं, तिनंच मला परत जागेवर ठेवलं आणि दार लावून घेतलं.

आता माझं एकच मागणं आहे. पूजेआधी घराची साफसफाई होईल, तेव्हा मला कुणाला भेट देऊ नका, ग्रंथालयात देऊ नका, जपून तर मुळीच ठेवू नका. रद्दीवाल्याला द्या. तो मला तराजूत टाकेल आणि वजन बघेल. मुलाचं की मुलीचं, ते तो विचारत नाही.