मोटारीला पोटपट्टा

शालू पाळण्यात आहे आणि तांदूळ निवडायचे राहिलेत, पण आज आधी हे लिहिते. विठाबाईला लिहिता येत नाही, आणि बद्रुद्दीनभाऊंना आपण काही विशेष केलं असं वाटतच नाही. मग हे राहायचं कुठे?

शालू तेव्हा एकोणतीस दिवसांची होती. हे शाळेच्या कामासाठी पुण्याला गेलेले. टाकव्याच्या घरात मी आणि सुईण विठाबाई. आदल्या दुपारपासून शालूला पदराखाली घेतलं की ती किंचाळायची आणि मान फिरवायची. रात्र सरता सरता तो आवाजही बसला. सकाळी अंग तापलेलं, टाळू खोल गेलेली, दुपटं कोरडं ठणठणीत. विठाबाईने टाळूवर बोट ठेवलं आणि ते न उचलताच म्हणाली, "बाय, हे आता माज्या हातचं न्हाई. लोणावळ्याला डाक्टरकडं चल."

डॉक्टरचं नाव निघालं की नाक मुरडणारी ही बाई. तिच्या तोंडून हे ऐकलं आणि मी शालूला दुपट्यात गुंडाळून उठलेच.

लोणावळ्याचा दवाखाना बाराला बंद होतो. बैलगाडीने निघालो असतो तर दिवस तिथेच मावळला असता. पण गावात त्या दिवशी एक मोटार होती. लोणावळ्याच्या एका बंगल्याची, आंबेमोहोराची पोती न्यायला आलेली. चालवणारे बद्रुद्दीनभाऊ, कामशेतचे. विठाबाई मला घेऊन थेट मोटारीपाशी गेली.

"मावशी, मालकांची सक्त ताकीद आहे, गाडीत कुणाला बसवायचं नाही," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच पोती सरकवून मागे जागा करू लागले.

कामशेतला पोचेस्तोवर मोटारीच्या टोपणातून वाफ यायला लागली. बद्रुद्दीनभाऊंनी थांबवली, थोडी निवू दिली, विहिरीचं पाणी भरलं, दोन डबे बरोबरही घेतले. पुढे दोन मैल गेलो नाही तोच पुन्हा तेच. या खेपेस वाफ अशी सुटली की समोरचा रस्ता दिसेना. त्यांनी मोटार कडेला घेतली आणि उतरून पुढच्या जाळीपाशी बसले. ती जाळी म्हणजे मोटारीची पाण्याची टाकी. इंजिन तापू नये म्हणून पाणी तिच्यातून फिरत राहतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"दिवाळीत भोक पडलं म्हणून हिला कथलाचा डाख दिला होता," ते म्हणाले. "तोच सुटला असणार."

"मग ओता ना पाणी!" मी जवळजवळ ओरडलेच.

"लोखंड लाल व्हायचं बाकी आहे, वहिनी. आता गार पाणी पडलं तर इंजिन तडकेल, मग आपण इथेच. अर्धा तास थांबलंच पाहिजे."

अर्धा तास! फाल्गुनातलं ऊन, जवळपास एक झाड नाही. मोटारीचीच काय ती सावली, तिच्यात पुढच्या चाकाला टेकून मी मातीत बसले. विठाबाई उकळून आणलेल्या पाण्यात फडक्याचं टोक भिजवून शालूच्या ओठांवर एकेक थेंब पिळत होती. निम्मे थेंब हनुवटीवरून ओघळत होते. मी शालूच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते, आणि मोजणं चुकलं की घाबरून पुन्हा पहिल्यापासून.

"सापडलं का रं भोक?" विठाबाईने हाक दिली.

"डाख तर कोरडा दिसतोय, मावशी. पाणी कुठून जातंय तेच कळेना. पडलं की वाफ होतंय."

"तुला म्याच काढलाय, बद्रू. तुज्या आयेला, ताजुन्निसाला इचार, पायाळू आलास तू. पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी दिसतं म्हणत्यात, आन तुला मोटारीतलं दिसंना व्हय?"

"जमीन कुठं गुरगुरते मावशी, ही गुरगुरते!"

मला हसू आलं, आणि आलं म्हणून लगेच रडू आलं.

विठाबाईच्या बटव्यात हळद होती. "वाहतं रगात थांबतंय हिनं," म्हणून तिने पुडी पुढे केली. मला वाटलं, ते हसतील. पण ते म्हणाले, घाटातले ड्रायव्हर जाळीत हळद नि कोंडा टाकतात खरे, बारीक भोक असलं तर बुजतं. मोटार निवल्यावर त्यांनी डब्यातलं पाणी भरलं, अख्खी पुडी आत रिकामी केली आणि इंजिन चालू करून डाखासमोर उकिडवे बसले. नजर तिथून हलेना.

"धरलं!" थोड्या वेळाने ते आनंदाने म्हणाले. "एक थेंब नाही. चला, बसा!"

मी उठणार तोच माझ्या पावलाजवळ धुळीत एक पिवळा ठिपका पडला. मग त्याच्या शेजारी दुसरा. जाळीपासून चांगला हातभर मागे.

"बद्रुद्दीनभाऊ, पिवळं पाणी इकडे पडतंय."

ते तसेच पाठीवर झोपून मोटारीखाली शिरले. मग आतून आवाज आला, "या अल्ला! वहिनी, मी मघापासून भलतीकडेच बघत बसलो." जाळीतून इंजिनाकडे जाणारी खालची रबराची नळी. वरून धडधाकट, खालच्या अंगाने बोटभर चिरलेली. हळदीने भोक बुजलं नव्हतं, पण चिरेपासून टोकापर्यंत पिवळी रेघ ओढून ठेवली होती.

त्यांनी जुन्या ट्यूबचा तुकडा चिरेवर घातला आणि तारेने आवळला. पाणी भरताच तारेच्या दोन वेढ्यांमधून रबर फुगलं आणि धार लागली. पुन्हा आवळला, पुन्हा धार.

"सरक," विठाबाई म्हणाली. "तुला बांधता येत न्हाई. तारेनं कुटं बांधत्यात? सबंध अंगावर सारखा ताण बसाया पायजे. लांब फडकं दे."

त्यांचा रुमाल वीतभर. तिच्या लुगड्याचा पदर फाडला असता तर हाताएवढी चिंधी आली असती. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोटाला तिनेच त्या सकाळी बांधलेला पट्टा होता, जुन्या धोतराचा, धुऊन धुऊन मऊ झालेला, चांगला पाच हात लांब. सव्वा महिना अंगावरून काढायचा नाही, असं रोज सकाळी मला दटावणारी ती.

"सोड," ती म्हणाली आणि आपला पदर माझ्यापुढे आडवा धरला.

साठीची बाई मोटारीखाली उताणी झाली. बद्रुद्दीनभाऊंनी ट्यूबचा तुकडा दाबून धरला. तिने पट्टा पाण्यात बुडवून पिळला, नळीच्या एका टोकापासून सुरुवात केली, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, ताण जराही न सोडता दुसऱ्या टोकापर्यंत नेला आणि तसाच परत आणला. गाठ मारली नाही. शेवट वेढ्याखाली खोचला. मला रोज बांधायची तस्सं.

पाणी भरलं, इंजिन चालू केलं. ओलं फडकं फुगून आणखीच आवळलं. आम्ही तिघं बघत राहिलो. थेंब पडला नाही.

"झाली बाळंतीण," बाहेर येऊन विठाबाई म्हणाली. पाठभर माती. "सव्वा महिना हिला कामाला जुंपू नगं."

"मालकांना तसंच सांगतो, मावशी!"

बाकीचा रस्ता त्यांनी मोटार बैलासारखी हळू चालवली. कार्ल्याच्या फाट्यावर उतरून नळीला हात लावला. फडकं दमट, खाली जमीन कोरडी. दवाखान्याशी पोचलो तेव्हा कंपौंडर कुलूप हातात घेऊन उभा होता.

डॉक्टरांनी शालूचं तोंड उघडून दिवा धरला. आत घशापर्यंत पांढरे फोड. भूक होती, पण ओढायला गेली की आग होत असणार. आणि मी तिला पुन्हा पुन्हा छातीशी दाबत होते! त्यांनी तोंडाला औषध लावलं, चमच्याने साखरपाणी दिलं आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर..."

तासाभराने मी पुन्हा तिला घेतलं. तिने मान फिरवली, थांबली, आणि हळूच तोंड लावलं.

आम्हाला सोडून पोती टाकायला जायचं म्हणालेले बद्रुद्दीनभाऊ अजून पायरीवरच उभे होते. आत न बघता त्यांनी विचारलं, "मावशी, प्यायली का?"

"व्हय रं बाबा. घुटक्याचा आवाज येतोय, ऐक."

एवढ्या लांबून त्यांना तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण ते मान वाकवून ऐकत राहिले.

"आला," ते म्हणाले, "आला की!"