आतून खडबडीत

"आतून हात फिरव आणि कुठे अडतंय का सांग."

मित्रांनो, माझ्या जन्माच्या वेळी ऐकलेला हा पहिला आवाज. कान मला नाहीत; तोंड म्हणून एक गोल भोक तेवढं आहे. पण त्या भोकातून आत आलेलं मी काही विसरत नाही. पक्ष्यांनी घरटं करावं म्हणून बनवलेली मी एक जुनी लाकडी पेटी. वय वर्षं वीस. बिजागरी गंजली, छपराला चीर गेली, तरी जांभळाच्या खोडाला पाठ लावून ताठ उभी आहे. साठाच्या वर पिल्लं माझ्यातून जगात गेली. एवढ्या लेकरांची आई म्हणून मिरवायचा हक्क मला आहे आणि तो मी सोडणार नाही.

ज्याचा तो आवाज, तो सुतार. त्याच्या कारखान्यामागे एक वाळलेलं झाड होतं. झाडाला ढोली आणि ढोलीत दरवर्षी दयाळाचं जोडपं. दयाळ तुम्ही पाहिला असेल. काळा कोट, पांढरा सदरा, शेपटी सदा वर आणि गळा असा की उजाडायच्या आधीच आभाळाला जाग यावी. झाड छपरावर कलायला लागलं, म्हणून सुताराने ते पाडलं. दुसऱ्या दिवशी दयाळ आला आणि जिथे ढोली होती तिथल्या नुसत्या हवेत फडफडत राहिला.

सुताराची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तो तिला लाडाने ठमाबाई म्हणायचा. ती खिडकीतून म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांचं घर पाडलंत."

"मग बांधून देतो की. सुतार कशाला झालोय?"

त्याच झाडाची फळी त्याने माझ्यासाठी घेतली. आता एक सांगते. हा सुतार गुळगुळीतपणासाठी पंचक्रोशीत नावाजलेला होता. कपाटाची पाठ भिंतीला लागते, ती कुणी जन्मात बघत नाही, तरी तो तीही घासायचा. खडबडीत फळी हातावेगळी करणं त्याला जमायचंच नाही. माझ्या पोटाला त्याने दोन संध्याकाळी रंधा आणि काचपेपर मारला.

"आत कोण बघणारे?" ठमाबाईने विचारलं.

"ज्याला राहायचंय तो बघेल. हात फिरव आणि कुठे अडतंय का सांग."

तिने हात फिरवला. "लोणी आहे बाबा, लोणी."

मीही फुगले. एवढं देखणं पोट कुठल्या ढोलीला असतं?

जांभळावर टांगल्यावर आठ दिवसांत दयाळीण येऊन डोकावून गेली. मग काड्या आल्या, बारीक मुळं आली, कुणाचं तरी पीस आलं. फिकट हिरवट निळी, तपकिरी ठिपक्यांची चार अंडी आली. त्यांची ऊब माझ्या तळाला अजून आठवते. ठमाबाईने एक वही केली. नर गातो कधी, मादी येते कधी, चोचीत अळी आहे की नाकतोडा, सगळं ती लिहायची. कोबीच्या वाफ्यातल्या अळ्या कमी झाल्या तेव्हा तिला कळलं की आपण दयाळाला घर दिलं आणि दयाळ आपल्या बागेची राखण करतोय. हे तिला कुणी शिकवलं नाही. खिडकीत बसून शिकली.

मग उडायचा दिवस आला. भोक वर, घरटं खाली आणि मध्ये वीतभर उंच माझी लोण्यासारखी भिंत. पिल्लं उड्या मारायची आणि घसरायची. बाहेर आई चोचीत किडा धरून बोलवत होती. एकेक करत तीन कशीबशी भावंडांच्या पाठीवर पाय देऊन निसटली. चौथ्याला पाय द्यायला पाठ उरली नाही. त्याच्या नखांची खरखर मी दोन दिवस ऐकली. आई आत येऊन भरवायची, पुन्हा बाहेर जाऊन बोलवायची. तिसऱ्या सकाळी खरखर नव्हती.

सुताराने माझं झाकण उघडलं आणि चौथ्याला ओंजळीत बाहेर काढलं. मग जांभळाच्या मुळाशी त्याने खुरप्याने एक छोटा खड्डा केला.

"बाबा, किती उडाली?" ठमाबाई दात घासत बाहेर आली.

"चारही," तो म्हणाला.

तिने वहीत लिहिलं, चारही उडाली. खाली चार पक्षी काढले.

त्याच आठवड्यात शेजारची माळीणकाकू खुरप्याला मूठ बसवून घ्यायला आली. तिने सहज माझ्यात हात घातला. "अहो सुतारदादा, हे काय केलंय? पिल्लांनी घसरगुंडी खेळायची की काय इथे?"

सुताराने स्वतः आत हात घालून पाहिला.

"झाडाची ढोली आतून सरड्याच्या पाठीसारखी असते. पिल्लू चढतं ते नखांनी. पंख नंतर, आधी नखं. एवढं झाड कापलंत, आत डोकावला नाहीत?"

ती गेल्यावर त्याने पटाशी घेतली. ज्या हाताने मला लोणी केलं, त्याच हाताने माझ्या पोटावर खाचा पाडल्या. तळापासून तोंडापर्यंत सात. मला दुखलं नाही, त्याला दुखत होतं.

"चांगली फळी का खराब करताय?" शाळेतून आलेल्या ठमाबाईने विचारलं.

"लाकूड फुगलं होतं. मोकळं केलं."

पुढच्या वर्षी चार अंडी आणि चार पिल्लं, चारही खाच धरून जिना चढल्यासारखी वर आली आणि गेली. तेव्हापासून माझ्यात एकही लेकरू अडकलं नाही. मित्रांनो, पक्ष्यासाठी काही करायचं मनात आलं तर जरूर करा, पण आपल्या हाताला काय आवडतं ते बाजूला ठेवा. त्याच्या नखाला काय हवं ते आधी बघा. माझा सगळा मोठेपणा त्या सात ओबडधोबड खाचांचा आहे.

आता कारखाना ठमाबाई चालवते. म्हातारा सुतार उन्हात खुर्ची टाकून बसतो. काल शाळेच्या मैदानासाठी बारा पेट्या तयार झाल्या. उद्या सकाळी मुलं त्या झाडांवर टांगणार आहेत. आज म्हाताऱ्याने एकीत हात घातला.

"आत खाचा पाड."

"हे तुम्ही सांगताय? हात फिरवा आणि कुठे अडतंय का सांगा."

"पिल्लांना चढता यायचं नाही."

"ह्यॅ. या पेटीला पहिल्या वर्षी कुठे होत्या खाचा? चारही उडाली होती." तिने आतून जुनी वही आणून त्याच्या मांडीवर ठेवली. "बघा. तुम्ही सांगितलंत तसं लिहिलंय."

म्हाताऱ्याने चार पक्ष्यांवरून बोट फिरवलं. चौथ्यावर ते थांबलं. माझ्या छपरावर दयाळ गात होता.

"तीनच उडाली, ठमाबाई," तो म्हणाला. "चौथं या जांभळाखाली आहे. भिंत मी गुळगुळीत केली होती."