चौथ्याचा पाट

मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात, हे पुस्तकाला ठाऊक होतं आणि वर्गातल्या एकूण एक मुलांना ठाऊक होतं. शामलेला मात्र मोजताना कधी नऊ सापडत, कधी चौदा. अ‍ॅनाटॉमीत ती एकदा आपटली होती. आता पुरवणी परीक्षेत आपटली, की मेडिकल कॉलेजातून नाव कटणार होतं. आणि पोरीला तर डॉक्टर सोडून दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

तिचे वडील महिपतराव, म्हणजे घरातले आबा. संस्थान होतं तेव्हा दरबारात कोणी कुठे बसायचं हे बघणं त्यांचं काम. कोण कोणाच्या उजवीकडे, कोणाला लोड, कोणाला नुसती गादी, सगळं मुखोद्गत. जागा हातभर चुकली तर दोन घराण्यांत पिढीजात अबोला, असलं जोखमीचं खातं. मग संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि दरबारच उठला. नव्या सरकारने आबांना कचेरीत जागा देऊ केली. आबा नव्या राज्याची एक सभा बघून आले. तिथे जो आधी येईल तो पुढे बसत होता. त्यांचं डोकं दोन दिवस दुखलं. गादीला पाठ दाखवून दुसऱ्या बाजूची चाकरी आपल्याच्याने होणार नाही, असं सांगून ते घरी बसले. रिकाम्या हुशार माणसासारखा ताप नाही, हे सुलोचनाबाईंचं मत, आणि बायकोचं मत सहसा अनुभवाचं असतं.

शामलेची घोकंपट्टी रोज आबांच्या कानांवर पडे. एके दिवशी तिने सातवीनंतर पाचवी म्हटली, तेव्हा त्यांना राहवेना.

"बारा मानकरी, आणि तुला बसवता येत नाहीत?"

"मानकरी कसले आबा, नसा आहेत त्या. मला तर काही यादच राहत नाही."

"याद डोक्यात ठेवायची नसते, पोरी. जागेत ठेवायची असते."

त्यांनी पंगतीचे बारा पाट काढून बैठकीत मांडले. मधला मोठा लोड म्हणजे मेंदू. प्रत्येक पाटाचं नाव, गाव, कामगिरी त्यांनी शामलेकडून वदवून घेतली. वास घेणारा पहिला, बघणारा दुसरा. दहावा व्हेगस गळ्यापासून पोटापर्यंत सगळीकडे हात घालतो हे ऐकून, असले दिवाण आपण पुष्कळ पाहिले, असं आबा म्हणाले. मुरारहून आलेले मावसकाका दमून पाचव्या पाटावर टेकले, तर आबांनी त्यांना उठवलं. तो पाट चेहऱ्याच्या मानकऱ्याचा होता. घरचे लोक भुईवर जेवू लागले. पण शामलेला आठ दिवसांत बाराही पाठ झाले.

घोडं अडलं चौथ्यापाशी. ही ट्रॉक्लिअर नस सगळ्यांत बारीक, आणि बाकीच्या पुढून निघतात तशी न निघता एकटी मागून निघते. शिवाय बाजू ओलांडून दुसऱ्या बाजूच्या डोळ्याची चाकरी करते. आबांचा चेहराच उतरला. दरबारातून निघताना माणूस मागे मागे सरकत जातो. पाठ दाखवणं म्हणजे बेअदबी. त्यांनी चौथा पाट उचलला आणि चपलांजवळ नेऊन ठेवला.

शामलेने समजावलं, हात जोडले. आबा हलले नाहीत.

तोंडी परीक्षेला परीक्षक इंदूरचे मराठी गृहस्थ होते. शामला मनातल्या बैठकीत पाटांवरून चालत निघाली. पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा.

"चौथी कुठे गेली?"

शामलेने मनातल्या बैठकीत पुन्हा पाहिलं. समोर चौथा पाटच नव्हता. होता तो चपलांजवळ, आणि घाबरल्यावर जे खरं तेच तोंडातून बाहेर पडतं.

"सर, ती दाराशी बसली आहे. मेंदूला पाठ दाखवून निघते ना, म्हणून."

परीक्षकांनी चष्मा काढला. मागून निघणारी नस कोणती, हे ते सकाळपासून प्रत्येकाला विचारत होते आणि कोणी सांगत नव्हतं. त्यांनी दाराचं सगळं प्रकरण काढून घेतलं, पोट धरून हसले, आणि शेवटी पास म्हणून सांगून वडिलांसाठी एक निरोप दिला.

घरी आबा ओट्यावरच उभे होते. पास झाल्याचं ऐकून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "चौथ्याचं काय म्हणाले?"

"म्हणाले, तिची जागा चौथीच. खाली बघायला डोळा तीच वळवते. ती नसली तर जिना उतरताना माणूस धडपडतो."

सुलोचनाबाईंनी पानं वाढली, तसे आबा आत आले, चपलांजवळचा पाट आणून धोतराच्या सोग्याने पुसला आणि त्याच्या जागी मांडला. मग स्वतःच त्यावर जेवायला बसले. इतक्या वर्षांत दुसऱ्यांना बसवताना त्यांनी स्वतःसाठी जागा म्हणून कधी ठरवली नव्हती.

भाताला हात घालता घालता ते म्हणाले, "ती नवी कचेरी सकाळी किती वाजता उघडते?"