एर्मांसबाई मरेनात

हे कोणी खरं मानणार नाही. बर्थबाई, तुम्ही तर मुळीच नाही. तेव्हा कॅफेतली बाकीची गिऱ्हाइकं थांबतील, आधी माझा ग्लास भरा.

एर्मांस व्होक्लेर. एके काळी पॅरिसच्या भिंतीभिंतीवर तिचा चेहरा होता. सिनेमात ती नुसती खिडकीशी उभी राहिली तरी लोकांचे रुमाल निघायचे. मग सुरकुत्या आल्या आणि कॅमेऱ्यानं पाठ फिरवली. जिथं पहिल्यांदा मोलकरणीच्या भूमिकेत तबक घेऊन आली होती, त्याच आपल्या लियोंच्या रंगमंचावर ती परत आली. हे दार बंद झालं तर दुसरं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हंगामाचा शेवटचा रविवार, दुपारचा खेळ. अशा दिवशी मॅनेजर तोंडानं काही बोलत नाही. पडदा पडला की फुलं देतो. गुलाब मिळाले तर पुढच्या हंगामाला या. कार्नेशन मिळाली तर सामान बांधा.

शेवटच्या अंकात एर्मांस मरायला पलंगावर आडवी झाली आणि तिची नजर विंगेत गेली. मॅनेजर फोर्तिए उभा. हातात लालभडक कार्नेशन.

आता ती करणार काय? तिचं शेवटचं वाक्य झाल्याशिवाय पडदा पडत नाही, पडदा पडल्याशिवाय फुलं येत नाहीत. तिनं वाक्य गिळलं. उसासा टाकला. पाणी मागितलं. नाटकात नसलेल्या बहिणीला हाक मारली.

"अगं, मर की आता!" नवऱ्याचं काम करणारा एमेरिक दातांतल्या दातांत पुटपुटला. "माझी गाडी चुकेल."

"मरतेय ना. घाई असेल तर तू मर आधी."

लोक रडले, टाळ्या पिटल्या, घरी जाऊन जेवून परत आले. सोमवार उजाडला, झाडणाऱ्या बाया खुर्च्यांखालून झाडू फिरवून गेल्या, तरी एर्मांस मरतेच आहे! घसा बसला, पण डोळे विंगेवरून हटेनात. अखेर फोर्तिएच्या हातातली फुलं वाळून गळाली, नुसते दांडे उरले. दांडे कोणाला देणार? त्यानं मान खाली घातली, आणि तेव्हा कुठे एर्मांसनं शेवटचं वाक्य—

"पुरे, गास्पारकाका!" बर्थबाईंनी बाटली काउंटरवर आपटली. "साफ खोटं! त्या रविवारी दिवे लागायच्या आत ती इथंच येऊन बसली होती, या टेबलाशी. ती लाल कार्नेशन मीच पाण्यात ठेवली. चांगली टवटवीत होती."