खापरावरचा मांडा

मयुरी बोटं ओढणीत गुंडाळून बसली होती. सुरतेतल्या कोसाडच्या त्या दोन खोल्यांत काही लपवायला जागा नव्हती, आणि धुरपदाबाईंच्या नजरेतून काही सुटतही नव्हतं.

"दाखव व माय."

"कुछ नहीं, मोठी माय."

"हिंदी सुरू झाली म्हणजे नक्की काहीतरी आहे. दाखव."

नातीने हात पुढे केले. नखं कागदासारखी पातळ झाली होती, कुठे पांढरी, कुठे लालभडक.

मामेबहिणीच्या लग्नासाठी तिने पार्लरमध्ये लांब गुलाबी नखं बसवून घेतली होती. त्यातली दोन मुळाशी सुटली. पार्लरला परत कोण जाणार? तिची आई, म्हणजे धुरपदाबाईंची सून जयश्री, घरी साड्यांवर खडे लावायची. तो गोंद असा चिवट, की कापड फाटेल पण खडा निघणार नाही. मयुरीने त्याच गोंदाने नखं चिकटवली. आत पाणी अडकलं, बोट ठणकू लागलं. मग तिने घाबरून सगळीच खोटी नखं ओढून काढली आणि तिच्या स्वतःच्या नखांचे पापुद्रे त्यांच्याबरोबर निघून आले.

"अक्कल गहाण टाकलीस का?" जयश्री ओरडली. "श्रावणात मांडे शिकणार होतीस ना?"

धुरपदाबाईंचा जीव अडकला होता तो तिथेच. खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाला पुरणाचे मांडे त्याच करीत आल्या होत्या. पुरण भरलेला कणकेचा गोळा हातावर खेळवत, कोपरापर्यंत पसरत, पदरासारखा पातळ करायचा आणि तापलेल्या पालथ्या खापरावर टाकायचा. गेल्या श्रावणात त्यांचे हात थरथरले आणि मांडे चुलीत पडले. जयश्रीचं बालपण सुरतेत गेलेलं, तिला लाटलेली पोळीच यायची. हातात थोडा जीव आहे तोवर नातीला शिकवायचं, एवढीच धुरपदाबाईंची इच्छा उरली होती.

चामडीच्या डॉक्टरांनी ठणकणाऱ्या बोटाला औषध दिलं. बाकीचं मात्र सरळ सांगितलं. खराब झालेलं नख दुरुस्त होत नाही. मुळातून नवं येतं आणि जुनं हळूहळू पुढे सरकतं. सहा महिने तरी लागतील. नखं आखूड ठेवायची, भांडी हातमोजे घालून घासायची, तेल लावायचं, वरून रंग किंवा खोटं नख काही नाही.

"सहा महिने?" मयुरी रडवेली झाली. "श्रावण तर तीन महिन्यांवर आलाय."

रोज जेवणं झाली की धुरपदाबाई वाटीत खोबरेल घेऊन बसत. एकेक बोट मांडीवर घेऊन मुळाशी तेल जिरवत. असंच एक बोट त्यांनी पूर्वी सांभाळलं होतं. कडोदऱ्याच्या कापड कारखान्यात नवऱ्याचं, शालिग्रामचं नख मागात सापडून गेलं, तेव्हा त्या नव्यानेच अमळनेरकडून आल्या होत्या. नवऱ्याचा हात हातात धरायलाही लाज वाटायचे दिवस ते. तेलाच्या निमित्ताने धरला. नख आलं, पण त्यावर आडवी रेघ राहिली. तो गेला त्या दिवशीही त्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं होतं.

"माझ्या नखावर पण रेघ राहील?" हे ऐकून मयुरीने विचारलं.

"काय माहीत. त्याचं मुळालाच लागलं होतं. तू वरचं सोललंस."

श्रावण आला. नखं मुळापासून निम्म्यापर्यंत गुलाबी, पुढे अजून पातळ.

सणाच्या दिवशी खापर तापलं. मयुरी पुढे सरकली.

"मी करते. थोडं भाजलं तरी चालशे."

"चालशे म्हणे! मागे हो." धुरपदाबाईंनी क्षणभर विचार केला. "नाही, इथेच बस. हात पसर, मुठी मिटून."

मांडा पसरतो तो हातावर. बोटं लागतात ती कड धरून खापरावर टाकताना. पुरणाचा गोळा मयुरीच्या हातावर फिरू लागला, जड जड, मग हलका. कोपराशी आला तेव्हा म्हाताऱ्या, थरथरत्या बोटांनी कड उचलली.

"आता दोघी एकदम. वाक."

मांडा खापरावर पडला. एका बाजूला फाटला, त्यातून पुरण जळल्याचा वास सुटला.

"दुसरा कर," जयश्री म्हणाली, "हा काय नैवेद्याला ठेवायचा?"

"हाच ठेवायचा," धुरपदाबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले, धूर झाला होता तेवढ्यापुरते. मग मयुरीकडे वळून म्हणाल्या, "मुठी सोडू नकोस. दुसरा गोळा हातावर घे."